मोजमापाची साधना

(अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला बंगळुरू, हैदराबाद किंवा पुणे येथील एखाद्या चिप बनविणाऱ्या कंपनीत इंटर्नशिप मिळाल्याचे पत्र येते, तेव्हा घरात आनंदाचे वातावरण पसरते. देवापुढे साखर ठेवली जाते, शेजारी पेढे दिले जातात. पेढा हातात घेताना शेजारच्या काकू सहज विचारतात, "म्हणजे नेमके काय करणार हो ती?" पत्रात विषय लिहिलेला असतो : 'प्रोसेसरची कार्यक्षमता आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्कलोडचे विश्लेषण'. आई वडिलांकडे पाहते, वडील मुलीकडे पाहतात. मुलगी क्षणभर थांबून म्हणते, "मोजायचे काम आहे, काकू."

काकूंचा थोडा हिरमोड होतो. एवढे शिकून मोजायचेच काम? संगणक बनवायचा नाही, नवे सॉफ्टवेअर लिहायचे नाही, नुसते मोजायचे? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. या मुलीचे उत्तर अगदी अचूक होते. तिला मिळालेले काम वरवर किरकोळ वाटले, तरी एकविसाव्या शतकात जे राष्ट्र ते काम नीट करील त्याच्याच सोयीची यंत्रे घडतील, आणि जे करणार नाही त्याला दुसऱ्याच्या सोयीची यंत्रे विकत घ्यावी लागतील.

आचारी आणि कोठीघर

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा गणित करणारा भाग. १९७१ मध्ये बाजारात आलेल्या इंटेल ४००४ या प्रोसेसरवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२२ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलेल्या एच-१०० या चिपवर ८,००० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड मॉडेल्स घडविण्यासाठी आणि चालविण्यासाठी अशाच चिपा वापरल्या जातात. एवढी विराट शक्ती एका तळहाताएवढ्या जागेत एकवटल्यावर प्रश्न उरतो तो एकच : ही शक्ती प्रत्यक्ष कामी येते किती?

या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच त्या मुलीचे काम. यंत्राला जे काम करावयाचे आहे त्याला या क्षेत्रात 'वर्कलोड' म्हणतात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर तयार करणे, छायाचित्रातील वस्तू ओळखणे, बोललेले ऐकून अक्षरांत उतरविणे हे सारे निरनिराळे वर्कलोड होत. ते काम यंत्रावर चालवायचे आणि ते चालू असताना यंत्राच्या आत काय घडते हे पाहायचे.

यंत्राच्या आत पाहण्याची सोय प्रोसेसरमध्येच केलेली असते. त्यात लहान-लहान गणक बसविलेले असतात. किती सूचना पूर्ण झाल्या, हवी ती माहिती किती वेळा जवळ सापडली नाही, पुढचा अंदाज किती वेळा चुकला, हे ते गणक मोजत राहतात. लिनक्स प्रणालीत 'पर्फ' नावाचे साधन आहे; त्याच्या साह्याने हे आकडे वाचता येतात. इंटेलमधील अभियंते अहमद यासिन यांनी २०१४ मध्ये या आकड्यांची एक सुटसुटीत पद्धत मांडली. प्रोसेसरची काम करण्याची जेवढी क्षमता आहे ती चार खात्यांत वाटायची : उपयोगी कामात गेलेली, चुकीच्या अंदाजापायी फुकट गेलेली, सूचना वेळेवर न मिळाल्याने वाया गेलेली, आणि सामग्री किंवा गणित करणारी जागा मोकळी नसल्याने ताटकळण्यात गेलेली. गृहिणी महिनाअखेरीस जमाखर्च मांडते आणि पैसा नेमका कोठे गेला ते शोधते, तसाच हा हिशेब.

बहुतेक वेळा उत्तर चौथ्या खात्यात सापडते. लग्नघरातील मुदपाकखाना डोळ्यांसमोर आणावा. आचारी अत्यंत निष्णात, चुली पेटलेल्या, हाताखाली माणसे सज्ज. परंतु कोठीघर दूर आणि दार अरुंद. डाळ येईपर्यंत आचारी बसून, तांदूळ येईपर्यंत पुन्हा बसून. पंगत खोळंबली म्हणून यजमानाने आणखी चार आचारी आणले, तर पंगत लवकर उठेल काय? मुळीच नाही, बसून राहणारी माणसे तेवढी वाढतील.

प्रोसेसर हा आचारी, मेमरी हे कोठीघर. प्रोसेसरच्या अगदी निकटच्या साठवणीतून, म्हणजे कॅशमधून, आकडा यायला घड्याळाचे चार-पाच ठोके पुरतात. तोच आकडा मुख्य मेमरीतून आणावयाचा तर दोनशे-तीनशे ठोके लागू शकतात. प्रोसेसरची गती वर्षानुवर्षे वाढत गेली, मेमरीची त्या मानाने वाढली नाही. वुल्फ आणि मॅकी या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९५ मध्येच या संकटाला 'मेमरीची भिंत' असे नाव दिले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात ही भिंत अधिकच उंच झाली आहे.

एका शब्दाचा हिशेब

नुसत्या दृष्टान्ताने समाधान मानू नये, आकड्यांतच पाहावे. ७०० कोटी घटकांचे एक भाषिक मॉडेल घ्या. आजच्या मानाने हे लहानच. त्यातील प्रत्येक घटक साठवायला दोन बाइट धरले, तर संपूर्ण मॉडेल १४ गिगाबाइटचे होते. हे मॉडेल उत्तर लिहिते ते तुकड्या-तुकड्याने. एका तुकड्याला 'टोकन' म्हणतात. एक टोकन तयार करताना हे सारे १४ गिगाबाइट मेमरीतून एकदा वाचून काढावे लागतात, आणि प्रत्येक घटकामागे साधारण दोन, म्हणजे एकूण १,४०० कोटी क्रिया कराव्या लागतात.

वर उल्लेखिलेल्या एच-१०० चिपच्या सर्वांत शक्तिशाली प्रकारात सेकंदाला सुमारे ९८९ लाख कोटी क्रिया करण्याची क्षमता आहे. म्हणजे १,४०० कोटी क्रियांना वेळ लागतो सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी अवघे १४ भाग. परंतु तिची मेमरी सेकंदाला ३,३५० गिगाबाइट एवढीच माहिती देऊ शकते. १४ गिगाबाइट वाचायला त्याच मापाने सुमारे ४,२०० भाग लागतात. गणिताला १४, आणि सामग्री आणण्याला ४,२००. एका वेळी एकाच माणसाच्या प्रश्नाचे उत्तर देत असताना जगातील ही विख्यात चिप शेकडा नव्व्याण्णवपेक्षा अधिक काळ हातावर हात ठेवून बसलेली असते.

हा हिशेब मांडण्याची एक प्रसिद्ध पद्धत आहे. सॅम्युएल विल्यम्स, अँड्र्यू वॉटरमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी २००९ मध्ये ती 'रूफलाइन' या नावाने मांडली. घराचे छप्पर असते तसा हा आलेख. एक बाजू चढती, ती मेमरीच्या मर्यादेची. एक बाजू सपाट, ती गणिताच्या मर्यादेची. आपला वर्कलोड कोणत्या छपराखाली सापडला आहे ते एकदा कळले, की उपाय कोठे करायचा तेही कळते. चढत्या छपराखाली असेल तर गणिताची शक्ती वाढवून काडीचाही लाभ नाही. अशा वेळी अनेकांचे प्रश्न एकत्र करून एकाच वाचनात सोडवावेत, किंवा प्रत्येक घटक दोन बाइटांऐवजी चार बिटांत साठवावा. तसे केल्यास १४ गिगाबाइटचे ओझे साडेतीनवर येते आणि वाचनाचा वेळ चौथ्या हिश्शावर.

पुढील पिढीच्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर कोठे खर्च करायचे हा कोट्यवधी डॉलरचा निर्णय असतो. गणित करणारे भाग वाढवायचे, की कॅश वाढवायची, की मेमरीचा मार्ग रुंद करायचा? असा निर्णय ज्या आकड्यांवर उभा असतो ते आकडे गोळा करणाऱ्या हातांत अशा इंटर्नशिपमध्ये शिकणारे हातही असतात. मोजण्याचे काम किरकोळ कसे म्हणावे?

खरे बोलणारा आकडा

मोजण्यात मोठा धोका असतो तो स्वतःला फसविण्याचा. एकच प्रोग्रॅम दहा वेळा चालवला तर दहा निरनिराळे आकडे मिळतात. यंत्र तापले की गती उतरते. मागे दुसरे एखादे काम चालू असले की वेळ वाढतो. पहिली खेप नेहमीच रेंगाळते. नव्याने रुजू झालेला विद्यार्थी एखादा बदल करतो, त्याला शेकडा वीस सुधारणा दिसते आणि तो हर्षभराने वरिष्ठांकडे धावतो. वरिष्ठ तीनच प्रश्न विचारतात : किती वेळा चालवलेस? यंत्राची गती स्थिर ठेवली होतीस का? तुलना कशाशी केलीस? विद्यार्थी परत येतो, सारे नीट मांडून पुन्हा मोजतो. वीस टक्के विरघळून जातात, हाती तीन उरतात. त्या दिवशी त्याने तीन टक्के लिहिले तर तो अभियंता झाला. वीस लिहिले तर त्याची पदवी कागदापुरती राहिली.

हा नैतिक प्रश्न आहे आणि जगातील मोठमोठ्यांनाही तो चुकलेला नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करीत असताना त्यांच्या एका उत्तरात सूक्ष्म फरक आढळला. त्यांनी तो सोडून दिला नाही. एकेक कारण वगळत ते मुळाशी पोहोचले. दोष त्यांच्या प्रोग्रॅममध्ये नव्हता, पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात होता. भागाकारासाठी चिपमध्ये ठेवलेल्या तक्त्यातील पाच नोंदी गळाल्या होत्या. सर्वसामान्य ग्राहकाला याचा उपद्रव नाही, असे कंपनीने आरंभी सांगितले. अखेरीस चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. एका प्राध्यापकाच्या काटेकोरपणाने एका बलाढ्य कंपनीला सत्य मान्य करावयास लावले.

कंपन्या आपल्या सोयीचे आकडे सांगणार हे ओळखूनच १९८८ मध्ये 'स्पेक' ही संस्था स्थापन झाली आणि सर्वांसाठी समान कसोट्या ठरल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांसाठी २०१८ पासून 'एमएलपर्फ' या कसोट्या आल्या. महासंगणकांची क्रमवारी लिनपॅक नावाच्या कसोटीवर लागते. त्या कसोटीचे जनक जॅक डोंगारा यांनीच पुढे सहकाऱ्यांसह एक दुसरी, अधिक कठोर कसोटी मांडली. तिच्यात तीच यंत्रे आपल्या कागदोपत्री क्षमतेच्या काही टक्क्यांपर्यंतच पोहोचतात. आपल्याच मापातील उणीव स्वतः जगापुढे मांडणे याला मनाचा मोठेपणा लागतो.

आपल्या परंपरेत ही दृष्टी नवी नाही. एकोणिसाव्या शतकात जुन्या पंचांगांचे गणित आणि आकाशातील ग्रहांची प्रत्यक्ष स्थिती यांत अंतर पडल्याचे महाराष्ट्रातील विद्वानांच्या ध्यानी आले. केरो लक्ष्मण छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारख्या गणितज्ञांनी आयुष्ये या शास्त्रात वेचली. लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाचा हिरिरीने पुरस्कार केला. त्यांचा आग्रह एका शब्दात सांगता येतो : दृक्प्रत्यय. गणिताने जे सांगितले ते डोळ्यांना दिसले पाहिजे. पूर्वजांचे ग्रंथ वंदनीय खरेच. परंतु आकाशाशी जुळत नसेल तर गणितात शुद्धी केली पाहिजे, हाच त्या पूर्वजांचा खरा वारसा. टीका झाली, वाद झाले. टिळक पंचांग आजही काही घरांतून श्रद्धेने पाळले जाते. प्रोसेसरसमोर बसलेली आजची विद्यार्थिनी कंपनीच्या माहितीपत्रकातील आकडा बाजूस ठेवून प्रत्यक्ष मोजते, तेव्हा ती त्याच दृक्प्रत्ययाची उपासना करीत असते.

राष्ट्राच्या हिशेबवहीत

आता हा विषय राष्ट्राच्या दृष्टीने पाहू. १९८० च्या दशकात भारताने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. तो नाकारण्यात आला. हवामानाच्या अंदाजासाठी त्याहून कमी क्षमतेचे यंत्र मिळाले, तेही अटी घालून. या अनुभवातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' साकार झाला. वऱ्हाडातील एका खेड्यात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव मराठी माणूस अभिमानाने घेतो. परंतु अभिमानासोबत एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. 'परम'मधील ट्रान्सप्यूटर चिपा ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीच्या होत्या. शेकडो लहान चिपांना एकदिलाने काम करावयास लावणे, कोणती चिप कोणाची वाट पाहत बसली आहे ते शोधणे आणि ती वाट पाहणे कमी करणे, हे बुद्धिकौशल्य मात्र आपले होते.

२००७ च्या नोव्हेंबरात पुण्यातीलच 'एका' हा टाटा समूहाचा महासंगणक जगात चौथ्या स्थानावर आला. त्याची कागदोपत्री क्षमता सुमारे १७१ टेराफ्लॉप्स, आणि कसोटीवर प्रत्यक्ष उतरलेली ११७.९. जगाने मान दिला तो दुसऱ्या आकड्याला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील 'परम रुद्र' महासंगणकांचे लोकार्पण झाले. पुण्याचा 'रुद्र' नारायणगावजवळील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनाला वाहिलेला आहे. यंत्र कोणत्या कामासाठी आहे, ते प्रथम ठरले आणि मग यंत्र आले. हा क्रम योग्य आहे.

क्रे प्रकरणाची आठवण ताजी करणारी घटना अलीकडेच घडली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या मावळत्या प्रशासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांच्या निर्यातीचा एक नियम जाहीर केला. अठरा मित्रदेशांना मोकळीक आणि इतर बहुतेकांना संख्येची मर्यादा, अशी त्याची रचना होती. त्या अठरांत भारत नव्हता. नव्या प्रशासनाने मे महिन्यात तो नियम मागे घेतला. एका कागदाने दार बंद होते, दुसऱ्या कागदाने उघडते. दाराची कडी दोन्ही वेळा बाहेरच्या बाजूलाच असते.

भारत स्वस्थ बसलेला नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने १०,३७२ कोटी रुपयांच्या 'इंडिया एआय' मोहिमेला मान्यता दिली. १०,००० हून अधिक प्रक्रिया-चिपा उपलब्ध करून देण्याचे मूळ उद्दिष्ट होते. मे २०२५ पर्यंत ही संख्या ३४,००० च्या वर गेल्याचे जाहीर झाले. यांतील बहुतांश चिपा परदेशी आहेत. त्या दिवसातील किती काळ खरोखर काम करतात आणि किती काळ कोठीघराच्या दाराकडे पाहत बसतात, हा करदात्याच्या पैशाचा प्रश्न आहे. मोजमापाच्या अभ्यासाने चिपांचे वाया जाणारे काम निम्म्यावर आणता आले, तर एकही नवी चिप आयात न करता राष्ट्राची शक्ती वाढते. स्वदेशीचा हा अर्थ आपण फारसा लक्षात घेत नाही.

स्वतःच्या चिपांचे काय? मद्रासच्या आयआयटीत प्रा. कामकोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'शक्ती' हा प्रोसेसर घडविला. २०१८ मध्ये त्याची एक आवृत्ती मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तयार झाली. सी-डॅकने 'वेगा' मालिका विकसित केली. इस्रो आणि मोहालीची प्रयोगशाळा यांनी मिळून 'विक्रम ३२०१' हा प्रक्षेपकासाठीचा प्रोसेसर घडविला. तो १८० नॅनोमीटर तंत्राचा आहे. जगातील आघाडीच्या चिपा याहून कितीतरी सूक्ष्म तंत्राने बनतात, असे सांगून काही मंडळी नाके मुरडतात. उलट काही उत्साही कार्यकर्ते तो मोठमोठ्या कंपन्यांना मागे टाकील अशी घोषणा करून मोकळे होतात. दोघांनीही वर्कलोड विचारलेला नाही. 'विक्रम'ला निबंध लिहायचे नाहीत. उणे ५५ ते १२५ अंश तापमानात, प्रक्षेपणाच्या हादऱ्यांत, एकही चूक न करता रॉकेटला मार्ग दाखवायचा आहे. त्या कामासाठी तो उत्तम आहे, आणि मोठी भाषिक मॉडेल्स चालविण्यासाठी तो नाही. ही दोन्ही विधाने सत्य आहेत आणि ती एका दमात म्हणता आली पाहिजेत. राष्ट्राभिमानाला खोट्या आकड्याच्या कुबड्या लागत नाहीत.

आपले काम कोण मोजणार?

एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. या इंटर्नशिप बहुधा परदेशी कंपन्यांत असतात. जगातील चिप-रचना करणाऱ्या अभियंत्यांपैकी सुमारे २० टक्के भारतात आहेत, असे शासनाकडून सांगितले जाते. परंतु त्यांनी घडविलेल्या बहुतेक चिपांचा मालकी हक्क भारतात नसतो. मग आपल्या मुलांनी तेथे का राबावे? या प्रश्नातील वेदना खरी आहे. कंपनीशी केलेला गोपनीयतेचा करार मोडून काही आणावे, असा विचारही मनाला शिवता कामा नये. तो आपला संस्कार नव्हे. परंतु मोजण्याची विद्या कोणाच्या कुलुपात नाही. 'पर्फ' खुले आहे. रूफलाइनची पद्धत प्रसिद्ध झालेली आहे. बर्कले विद्यापीठात २०१० मध्ये जन्मलेली आणि 'शक्ती' व 'वेगा' या दोहोंचा पाया असलेली 'रिस्क-फाइव्ह' रचना सर्वांना मुक्त आहे. चिप तयार होण्याआधी तिची नक्कल संगणकावर चालविणारे 'जेम-फाइव्ह' हे साधनही विनामूल्य आहे. तेथे अंगी बाणलेली शिस्त घेऊन मुलगी घरी परत येते. ती शिस्त कोणाची मालमत्ता नसते.

या शिस्तीची आपल्याला सर्वाधिक गरज आहे ती आपल्या भाषेसाठी. हा मुद्दा शांतपणे समजून घ्यावा. संगणकात साठविण्याच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते; देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. अक्षर वेगळे, काना वेगळा, अनुस्वार वेगळा. मॉडेल ज्या टोकनांत मजकूर तोडते ती टोकने मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून ठरविली असतील, तर मराठी वाक्याचे तुकडे इंग्रजीपेक्षा बरेच अधिक होतात. मघाचा हिशेब आठवा. प्रत्येक टोकनामागे संपूर्ण मॉडेल एकदा वाचावे लागते. एखाद्या वाक्याला तिप्पट तुकडे लागले, तर त्याच यंत्रावर, त्याच अर्थासाठी, मराठी माणसाला तिप्पट वेळ थांबावे लागेल, आणि वीजही त्याच प्रमाणात अधिक जळेल. टोकनांवर आकारणी होत असेल तर दामही तिप्पट.

घटक चार बिटांत साठविण्याचा उपाय मघा सांगितला. त्याने वेग वाढतो, परंतु उत्तराची गुणवत्ता थोडी घटते. ही घट सर्व भाषांत सारखी होत नाही; रोमन लिपीत न लिहिल्या जाणाऱ्या भाषांना तिचा फटका अधिक बसतो, असे बहुभाषिक मॉडेल्सच्या २०२४ मधील एका अभ्यासात आढळून आले. इंग्रजीत मोजणारा म्हणेल, काही बिघडले नाही. त्याचे मोजमाप खोटे नाही. त्याने आपली भाषा मोजलेली नाही, एवढेच.

येथे आपण मूळ मुद्द्यावर येतो. यंत्र घडते ते ज्या कामावर त्याची परीक्षा होते त्या कामासाठी. परीक्षेत जे काम नाही त्याकडे रचनाकाराचे लक्ष जात नाही. यामागे कोणाचे कारस्थान असेलच असे नाही. परीक्षेत जे विचारले जाते त्याचाच अभ्यास होतो, हा साधा नियम आहे. मराठीतील शेतकऱ्याचा बोललेला प्रश्न, तालुक्याच्या न्यायालयातील निकालपत्र, सातबाऱ्यावरील नोंद, आरोग्य केंद्रातील परिचारिकेची टिपणी हे सारे वर्कलोड आहेत. शासनाने २०२२ मध्ये 'भाषिणी' मोहीम सुरू केली, ते योग्य पाऊल पडले. परंतु आपल्या भाषांतील खऱ्या कामांच्या कसोट्या रचणे, त्या निरनिराळ्या यंत्रांवर काटेकोरपणे चालविणे आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, जगासमोर मांडणे हे काम शासनाच्या एका मोहिमेने पुरे होणारे नाही. ते हजारो तरुण हातांनी करावयाचे काम आहे. परदेशातील अभियंता आपल्यासाठी ते करील अशी अपेक्षा धरणे म्हणजे शेजाऱ्याने आपल्या घरचा जमाखर्च लिहावा असे म्हणण्यासारखे आहे.

विद्यार्थ्यांना म्हणून दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. इंटर्नशिप मिळाली तर ती मन लावून करावी; मिळाली नाही तर हातपाय गाळू नयेत. घरच्या साध्या संगणकावर लिनक्स घालून 'पर्फ' चालविता येते. एखादे लहान खुले मॉडेल उतरवून घ्यावे. एकाच आशयाचा परिच्छेद मराठीत आणि इंग्रजीत द्यावा, टोकने मोजावीत, वेळ मोजावा, दहा वेळा मोजावा आणि दहाही आकडे वहीत लिहावेत. न आवडलेला आकडा खोडू नये. महाविद्यालयांनी अशा नोंदींना प्रकल्पाचा मान द्यावा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये इंटर्नशिपला जे स्थान दिले आहे, ते प्रमाणपत्राच्या कागदापुरते राहू नये.

पालकांसाठी एकच विनंती. मुलगा किंवा मुलगी चार महिने राबून सांगते की अपेक्षित सुधारणा झाली नाही, यंत्र आहे तेथेच आहे, फक्त ते कोठे अडते ते कळले. तेव्हा तिचे चार महिने वाया गेले असे समजू नये. रोग कोठे आहे हे कळणे म्हणजे अर्धी चिकित्सा. आपल्या कार्यकर्त्यांनीही हीच सवय लावून घ्यावी. भाषणात एखादा झळाळता आकडा सांगण्याचा मोह झाला, तर त्याआधी विचारावे : हा कोणी मोजला, कसा मोजला, कोणत्या कामावर मोजला? समर्थ राष्ट्र उभारू इच्छिणाऱ्याला स्वतःच्या उणिवांचा हिशेब तोंडपाठ असला पाहिजे.

आरंभीच्या त्या घरात पुन्हा जाऊ. सहा महिने सरले आहेत, मुलगी परत आली आहे. काकू दारातच गाठतात आणि विचारतात, "काय गं, झाले का मोजून?" मुलगी हसून म्हणते, "नाही काकू. तिथली यंत्रे मोजायला शिकले. आता आपली मराठी त्या यंत्रांवर किती वेळ खोळंबते ते मोजायला घेतले आहे. तुमच्या बोलण्याचे थोडे ध्वनिमुद्रण हवे होते. बसता का जरा?"

काकू पदराला हात पुसत आत येतात आणि खुर्चीवर बसतात. काम येथून सुरू होते.